एका बंकवरच्या दोघी

डिम्पना रॉसिटर आणि मी अठरा वर्षं एकाच अंथरुणात झोपलो, आणि त्या अठरा वर्षांत आम्ही दोघी जेवढं बोललो असू, तेवढं मी आमच्या खाटकाशी एका उन्हाळ्यात बोलते. यात चावट काही नाही. बोटीवरचं काम असंच असतं. एक आठवडा मी बोटीवर आणि ती घरी, पुढचा आठवडा ती बोटीवर आणि मी घरी. नोकरी एक, केबिन एक, झोपायचा बंक एक आणि बायका दोन. शुक्रवारी दुपारी आयर्लंडमधल्या रॉसलेअरच्या धक्क्याला बोट लागली की एक रॅम्पवरून उतरायची आणि दुसरी चढायची. मधे जेमतेम दहा मिनिटं. "फ्रीजचं दार नीट लागत नाहीये." "बटाटे संपत आलेत." "तो कार्लोचा ट्रकवाला अंडं कच्चं म्हणून परत पाठवतो, त्याच्या तोंडाला लागू नकोस." एवढं बोलून एकीने घरची वाट धरायची.

या दुसऱ्या माणसाला आम्ही 'पाठची' म्हणतो, पुरुष असेल तर 'पाठचा'. उतरणाऱ्याने पाठच्यासाठी चादर बदलायची, किटलीत पाणी भरून ठेवायचं, फडताळात काहीतरी खायला ठेवायचं, हा आमचा रिवाज. कोणी शिकवलेला नाही, पण जो पाळत नाही त्याच्याशी कोणी बोलत नाही. डिम्पना मनुकांचा केक करून ठेवायची. चांगला करायची, हे आजही नाकारत नाही.

आमची बोट 'मेड ऑफ बार्गी'. रॉसलेअर ते वेल्स, दिवसातून दोन खेपा. मी तिच्या भटारखान्यात ट्रकवाल्यांसाठी रांधायची: बेकन, कोबी, बटाटे आणि बादल्या भरभरून चहा. मग इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं, आणि आमचे ट्रकवाले वेल्सला उतरून तिथे कागद दाखवा, मग डोव्हरला पुन्हा कागद दाखवा, या जाचाला कंटाळले. तेव्हा आमच्या टस्कर लाईन कंपनीने नवी बोट बांधायला टाकली. थेट फ्रान्सच्या डंकर्कला जाणारी. इंग्लंडला डावीकडे ठेवून पुढे निघायचं, एक दिवस आणि एक रात्र, मधे कुठे थांबायचं नाही. वेल्सची फेरी बंद.

मी काही जुन्या बोटीसाठी गळा काढणारी बाई नाही. 'मेड'च्या भटारखान्याचं छप्पर ओट्यावर गळायचं आणि वारा सुटला की शेगडीवरचं पातेलं मलाच धरून उभं राहावं लागायचं. नवी बोट यावी असं मलाही वाटत होतं. ती आली, दुप्पट मोठी आणि पांढरीशुभ्र, आणि कंपनीच्या डब्लिनच्या शहाण्यांनी तिचं नाव ठेवलं 'टस्कर कनेक्ट'. बोटीचं नाव आहे की फोनच्या प्लॅनचं, देव जाणे.

बोटीच्या आधी आला गॅव्हिन प्रेंडरगास्ट. कंपनीत माणसं ठेवायची आणि काढायची ते खातं त्याच्याकडे. सुटाखाली पांढरे पळायचे बूट. शनिवारी सकाळी त्याने घरी असलेल्या आम्हा सगळ्यांना बंदराच्या वेटिंग हॉलमध्ये बोलावलं.

"मला साहेब म्हणू नका, गॅव्हिनच म्हणा," तो म्हणाला. ज्याला 'साहेब' नको असतं तो काय घेऊन येतो, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

मुद्दा असा होता. नव्या बोटीवर प्रत्येक जोडीतला एकच माणूस घ्यायचा. दुसऱ्याच्या जागी एजन्सीची माणसं येणार, बाहेरदेशची, निम्म्या पगारावर. जोडीतलं कोण राहणार ते कंपनी ठरवणार नाही.

"तुम्ही एकमेकांना आमच्यापेक्षा चांगलं ओळखता," गॅव्हिन म्हणाला. "तुमच्या नात्यात आम्हाला पडायचं नाही. आपसात बोला, आणि गुरुवारपर्यंत जोडीतल्या एकाने आपलं नाव पाठवा. एका जोडीतून दोन नावं आली तर पहिलं आलेलं धरू. नाव आलं नाही तर मात्र दोन्ही जागा जातील. आम्हाला हे आदराने करायचंय."

आदराने, म्हणे. खाटीकसुद्धा बकरा स्वतः कापतो. या गृहस्थाने सुरी आमच्याच हातात दिली, वर म्हणतो तुमच्या नात्यात आम्हाला पडायचं नाही. आणि दिवस कुठले निवडले? अर्धी माणसं घरी आणि अर्धी बोटीवर असतात असे. तसे तर सगळेच दिवस असतात म्हणा. आमची जोडी कधी एका जागी नसतेच, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

माझं वय चोपन्न. रॉसलेअरमध्ये चोपन्न वर्षांच्या बाईला बोट सोडून दुसरं काम काय? जूनमध्ये हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या टपरीत बसून स्ट्रॉबेरी आणि नवे बटाटे विकायचे, आणि उरलेलं वर्षभर जूनची वाट बघायची. मला ही नोकरी हवी होती. नको असल्याचा आव मी आणत नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर आम्ही किलरेन गावच्या पबच्या मागच्या खोलीत जमलो. बोलावलं मोग सिनटने. मोग डेकवरचा मुकादम आणि युनियनचा आमचा माणूस. बोलतो कमी, पण बोलला की टेबलावर हात ठेवून बोलतो.

"शुक्रवारी नव्या बोटीचा समारंभ आहे," मोग म्हणाला. "मंत्री येणार, बँड येणार, फादर पवित्र पाणी शिंपडणार, आणि त्याच संध्याकाळी पहिली खेप. जहाज माहीत असलेली माणसं त्यांना लागणारच, सगळी एजन्सीची घेऊन पहिल्या दिवशी कोणी निघत नाही. आपल्यातल्या कोणीच नाव दिलं नाही, तर गॅव्हिन काय मंत्र्याला दोर ओढायला लावणार आहे?"

"आणि बोटीवर आहेत त्यांचं काय?" मी विचारलं.

"प्रत्येकाने आपापल्या पाठच्याला सांगायचं. दोघं, नाहीतर कुणीच नाही."

त्या संध्याकाळी 'मेड' धक्क्याला होती तेव्हा मी डिम्पनाला फोन लावला. अठरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"नाव द्यायचं नाही, डिम्पना. सगळ्यांनी ठरवलंय. दोघी, नाहीतर कुणीच नाही."

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे हो ना?"

"बरं म्हटलं ना, फिडेल्मा. माझे बटाटे लागतायत खाली."

मी ते 'हो' धरून चालले. मी स्वतः गुरुवारपर्यंत फोनकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते सोपं नव्हतं, कारण नाव पाठवायला फोनवर एक टिचकी मारायचाच अवकाश होता. माझा नवरा फिंटन बुधवारी म्हणाला, "अगं, तिने दिलं असेल तर?" मी त्याला म्हटलं, "तू गप बस आणि कुत्र्याला फिरवून आण." बिचारा गेला. तो कुत्र्याला फिरवून आला तरी माझा पारा उतरला नव्हता.

शुक्रवार उजाडला. धक्क्यावर पताका, वेक्सफर्डचा बँड, खुर्च्या, रेडिओवाले. नवी बोट बाजूच्या धक्क्याला लागून उभी, एवढी उंच की तिच्या सावलीत सगळा बँड मावला होता. नव्या बोटीत चढायला ट्रकांची रांग पार किलरेनपर्यंत गेलेली. किलमोरचे जिवंत खेकडे, कोकराचं मांस, मशरूम, सगळा नाशवंत माल. दुपारी 'मेड' आली, शेवटची खेप करून. रॅम्प खाली आला. आम्ही घरी असलेले सगळे खाली उभे होतो. खरं तर चढायचं कुठेच नव्हतं, पण बदलीची वेळ होती आणि पाय आपोआप तिथे गेले होते.

उतरणारे एकेक करून खाली येऊ लागले, आणि कोणीच वर बघेना. लार स्कॅलन, मोगचा पाठचा, पिशवी खांद्यावर टाकून मोगच्या बाजूने सरळ पुढे निघाला. मोगने त्याचा दंड धरला.

"लार. नाव दिलंस?"

"सोड. तूच आधी दिलंस ना?"

"मी?"

"बस कर रे. 'दोघं, नाहीतर कुणीच नाही' म्हणे. पोटात एक आणि ओठात एक. रविवारी आम्हाला भाषण, आणि सोमवारी स्वतःचं नाव."

"हे तुला कोण म्हणालं?"

"गॅव्हिन. मंगळवारी आला होता बोटीवर. एकेकाला कॉफीला बोलावलं. म्हणाला, वाईट वाटतं सांगायला, पण मोगने काल नाव दिलंय, तुझं आज आलं तर मी तुझं आधी आलं असं धरतो."

मोगचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्याने लारचा दंड सोडला नाही, पण लारला वाटलं असेल त्या कारणाने नाही. आधाराला धरून उभा राहिला, एवढंच.

आणि माझं डोकं भडकलं. आजवर भडकलं असेल तेवढं सगळं एकत्र केलं तरी कमी पडेल, इतकं. त्या मंगळवारच्या कॉफीने मला काय दाखवलं सांगू? वर्षानुवर्षं एकाच उशीवर डोकं टेकणारी माणसं एकमेकांना कशी ओळखत नाहीत, ते त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाने एका नजरेत हेरलं होतं. एकमेकांच्या सोबतीला असतो, भांडत असतो, पबमध्ये बसत असतो, तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला असता का? पण आमची ओळख दहा मिनिटांची आणि चादरीची.

धक्क्यावर दोर बांधायचा लोखंडी खुंटा असतो, मी त्याच्यावर चढले. गुडघा दुखतो माझा, पण चढले.

"ऐका! मंगळवारी गॅव्हिनने ज्यांना कॉफी पाजली आणि सांगितलं की तुझ्या पाठच्याने नाव दिलंय, त्यांनी हात वर करा."

कोणी हलेना. मग लारचा हात वर गेला. मग इंजिनरूममधल्या एकाचा. मग एकामागून एक, उतरलेल्या जवळजवळ सगळ्यांचे.

"आता घरच्यांनो, तुम्ही. खरंच नाव दिलं होतं त्यांनी हात वर करा."

एकही हात नाही. शपथेवर सांगते, एकही नाही. दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. बँडसुद्धा थांबला होता.

एवढ्यात गॅव्हिन धावत आला. मागे रेडिओवाली, आणि लांबवर मंत्र्याची गाडी.

"मित्रहो, काहीतरी गैरसमज झालेला दिसतो," तो म्हणाला. "मी कोणालाही खोटं सांगितलेलं नाही. मी एवढंच म्हणालो की काही नावं आलेली आहेत."

"काही म्हणजे किती, गॅव्हिनसाहेब?" मी म्हटलं. "मंगळवारी इथे कोणीच दिलेलं नव्हतं. तुम्ही साप म्हणून भुई धोपटलीत, आणि साप कोणीच पाहिला नाही."

लोक हसले. माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी डिम्पनाला शोधलं. ती रॅम्पच्या टोकाशी पिशवी घेऊन उभी होती. तिने हात वर केला नव्हता. मला वाटलं, लाजाळू बाई आहे.

"डिम्पना, सांग गं ह्यांना. तुला काय सांगितलं माझ्याबद्दल?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सांग ना. घाबरू नकोस."

"मला काहीच सांगितलं नाही," डिम्पना म्हणाली. शांतपणे म्हणाली, पण त्या धक्क्यावर प्रत्येकाला ऐकू गेलं. "सांगायची गरज पडली नाही. मी रविवारीच दिलं होतं. तुझा फोन ठेवला आणि लगेच दिलं."

गॅव्हिन हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. "बघा," तो म्हणाला. "कोणावरही बळजबरी नव्हती."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. दांडा कुठल्या झाडाचा असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. त्याच्या सगळ्या खोट्याच्या मुळाशी एक खरं होतं, आणि ते माझ्याच बंकवर झोपत होतं. सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली आणि मी त्या खुंट्यावर एखाद्या बावळट पुतळ्यासारखी उभी.

मी उतरले आणि तिच्यापर्यंत चालत गेले.

"का?"

"तू दिलं असतंस म्हणून."

"मी नाही दिलं."

"ते मला कुठे ठाऊक होतं?"

"अठरा वर्षं, डिम्पना."

"अठरा वर्षं काय? मला तुझी उशी ठाऊक आहे. तू डाव्या कुशीवर झोपतेस ते ठाऊक आहे. तू माणूस कशी आहेस ते मला काय ठाऊक? माझ्या नवऱ्याची पाठ गेलीय, घर माझ्यावर चालतं. एका फोनवर मी तुझ्यावर सगळं टाकायचं होतं?"

तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. खरंच वाटली. हात उचलला असता तर कोणी अडवलंही नसतं. पण पलीकडे गॅव्हिन घड्याळ बघत होता, आणि आम्ही दोघी झिंज्या धरून भांडायला लागलो असतो तर त्याच्यासाठी त्याहून चांगला समारंभ दुसरा नव्हता.

म्हणून मी वळले, तरातरा बाजूच्या धक्क्यावर गेले, आणि नव्या बोटीच्या रॅम्पवर, पहिल्या ट्रकच्या पुढे खाली बसले. ओलं लोखंड होतं, लगेच गार लागलं. मोग आला आणि माझ्या शेजारी बसला. लार येऊन मोगला टेकून बसला. मग दोन्ही बाजूंचे सगळे आले, जोडीजोडीने, आणि कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या पाठच्याच्या शेजारी बसून पाहिलं असेल.

डिम्पना बसली नाही, आणि गॅव्हिनने खुणावलं तरी नव्या बोटीतही गेली नाही. ती आमच्यात पिशवी घेऊन उभीच राहिली, सगळा वेळ.

"बस तरी, नाहीतर जा तरी," मी ओरडले. "अशी खांबासारखी उभी राहू नकोस."

"मला जिथे उभं राहायचं तिथे मी राहीन," ती म्हणाली.

मग ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. आधी आमच्यावर, आणि लारने त्यांना जाऊन सगळं सांगितल्यावर कंपनीवर. मंत्रिमहोदय गाडीतून उतरलेच नाहीत. माणसं बसलेल्या रॅम्पवर फोटो काढून घ्यायची त्यांची हिंमत नव्हती. फादर तेवढे आले, त्यांनी बोटीवर शिंपडायचं पाणी आमच्यावर शिंपडलं आणि म्हणाले, आता आणलंच आहे तर. रेडिओवालीने लारला कॉफीची गोष्ट तीनदा सांगायला लावली. तिकडे ट्रकात खेकडे मरायला लागले आणि खेकडेवाल्यांनी सरळ कंपनीच्या मालकालाच फोन लावला. आमच्या शब्दाने जे झालं नसतं ते खेकड्यांनी केलं. संध्याकाळी गॅव्हिन आला, तोंडाचा रंग बुटांसारखा. नव्या बोटीवर प्रत्येक जोडीतले दोघंही घेणार. पगार होता तोच. मोगने त्याला ते दोनदा मोठ्याने म्हणायला लावलं, रेडिओवालीसमोर.

सगळे उठले, ओरडले, एकमेकांना मिठ्या मारल्या. मी कपडे झटकले. माझी नोकरी मला परत मिळाली होती, आणि तिच्याबरोबर डिम्पनाही.

आता पंधरा दिवस ती आणि पंधरा दिवस मी. नव्या केबिनला खिडकी आहे, भटारखान्यात काही गळत नाही, आणि ट्रकवाले पूर्ण दिवस बोटीवर असतात म्हणून दुप्पट खातात. बदलीच्या वेळी आम्ही रॅम्पवर भेटतो. कामापुरतं बोलतो. ती माझ्या डोळ्याला डोळा देत नाही आणि मी तिच्या तोंडावरून नजर काढत नाही. मला तिचा राग आहे, आणि तो कमी होतोय असं म्हणायला मी संत नाही.

मागच्या महिन्यात मोग मला म्हणाला, "फिडेल्मा, डब्लिनहून एक नवी स्वयंपाकीण येतेय. गॅव्हिन म्हणतो, तुला हवं असेल तर तुमची जोडी बदलून देऊ. तुम्हा दोघींना त्रास होतो ते त्यालाही दिसतंय."

"त्याला दिसतंय का?"

"तसं म्हणाला."

"नको म्हणून सांग."

"म्हणजे माफ केलंस तिला?"

"माफ कसलं डोंबलाचं," मी म्हटलं. "पण तो पहिल्या दिवशी आला तोच आमची जोडी मोडायला. तेव्हा जमलं नाही, म्हणून आता गोडीगुलाबीने मागतोय. त्याला सांग, ती बाई कशीही असो, पाठची माझी आहे."